जुन्या स्कूटरच्या प्लगचे आटे गेले आहेत. घरी दुरुस्ती होईल का?

प्रश्न (वडोदरा):
दांडिया बाजारातील आमच्या घरी वडिलांची बजाज चेतक अजून वापरात आहे. स्पार्क प्लग बसतो त्या जागेचे आटे झिजल्यामुळे तो घट्ट आवळला जात नाही. मेकॅनिक संपूर्ण हेड (प्लग बसतो ते सिलिंडरवरचे झाकण) बदलावे असे सांगतात. मागचा ब्रेकही नीट लागत नाही. हे दोन्ही घरी दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरेल काय?

उत्तर १:
हेड बदलण्याची गरज सहसा नसते. हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची आटेदार गुंडाळी, बसवता येते. आपला प्लग १४ मि.मी. व्यासाचा आणि १.२५ मि.मी. पिचचा (दोन आट्यांमधील अंतर) असेल, किट त्याच मापाचा घ्यावा. मात्र हेड उतरवूनच टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) चालवावा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टनवर ओरखडे पडतात आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. टॅप तिरका गेला तर मात्र हेड खरोखरच बदलावे लागेल. हात सराईत नसल्यास एवढे एक काम लेथवाल्याकडे द्यावे. हेड परत बसवताना नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत.

उत्तर २ (इंदूर):
ब्रेकबाबत मी कडक आहे. लायनर (ब्रेकच्या शूवरचे घर्षणाचे अस्तर) नुसते चकचकीत झाले असतील तर पॉलिश पेपरने घासावेत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पण त्यांत ऑइल मुरले असेल तर पेट्रोलने धुण्याचा खटाटोप व्यर्थ आहे: ऑइल सील (ऑइल ब्रेकपर्यंत येऊ न देणारी रबरी कडी) आणि शू दोन्ही नवेच घालावेत.

प्रश्नकर्ता:
ब्रेकचा ड्रम उघडला, आत ऑइलच आहे. सील आणि शू आणतो. हेड लेथवाल्याकडे देतो.