मदत हवी आहे: नावातल्या स्पेसमुळे आर्ग्युमेंट (कमांडला दिलेली नावं) तुटतायत
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीचे जुने फोटो स्कॅन केलेत, त्यांच्या बॅकअपसाठी शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) लिहिलीये. फाइलचं नाव आहे "आरती १९९८", नुसतं $@ (स्क्रिप्टला दिलेली सगळी नावं) दिलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि कॉपी होतच नाही, "$*" दिलं तर सगळ्या नावांची मिळून एकच लांब माळ होते, "$@" ने मात्र प्रत्येक नाव जसंच्या तसं जातं, इथवर कळलं. पण काही ऑप्शन आधी व्हेरिएबलमध्ये साठवायचेत आणि त्यात घातलेले कोट नंतर नावाचाच भाग बनून जातात! बॅश या शेलमध्ये अ‍ॅरे (अनेक नावं वेगवेगळी ठेवणारी यादी) आहे, पण मंडळाच्या मशिनवर डॅश (बॅशहून साधा शेल) आहे, त्यात अ‍ॅरेच नाही. तिथे "सेट --" (आर्ग्युमेंटची यादी नव्याने भरणारी कमांड) ने एकेक ऑप्शन जोडत गेलं तर चालेल का? ईव्हॅल (मजकूर कमांड म्हणून चालवणारं) नकोच वाटतं, लोकांनी नावांत काहीही चिन्हं घातलीयत. प्लीज कोणीतरी सांगा, फोटो परत मिळणारे नाहीत.