थंडरबर्डमध्ये कॅलेंडरचं सेटिंग टिकत नाही, रोज सकाळी परत जुनंच

केळीवाला_सावदा:
नमस्कार मंडळी. सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे ऑफिस सांभाळतो, बिलं, ट्रान्सपोर्ट, दिल्लीच्या पार्ट्यांचे मेल सगळं माझ्याच गळ्यात. मेलला थंडरबर्ड आहे आणि त्यातलंच कॅलेंडर वापरतो, कोणाचा मळा कधी कापायचा, गाडी किती वाजता लागणार, कोणाचं पेमेंट कधी, सगळं त्यात टाकून ठेवतो. आता आमचा दिवस चालू होतो पहाटे ४ ला, कारण मे महिन्यात इकडे ४४ च्या वर ऊन जातं, टोळी उजाडायच्या आत बागेत गेली नाही तर माल तापतो. पण कॅलेंडर उघडलं की दिवस ८ वाजताच सुरू, आठवडा रविवारपासून, आणि कामाचे दिवस बघायला गेलं की शनिवार रविवार गायब. केळीला कुठला आलाय रविवार!

सेटिंगमध्ये जाऊन सगळं बदललं, दिवसभर एकदम बरोबर दिसतं, संध्याकाळी बंद करून घरी जातो, सकाळी उघडलं की परत जैसे थे. असं कितीतरी दिवसांपासून होऊ राहिलं. गंमत म्हणजे बाकीचं काही जात नाही, अक्षरं मोठी केलेली तशीच राहतात, मेलखालची सही पण राहते, फक्त कॅलेंडरचंच जातं. कॉम्प्युटर दुकानवाल्याने थंडरबर्ड काढून परत टाकून दिलं तरी तेच, आता तो म्हणतो विंडोजच नवीन मारू. मारू का?

देवपूरचा_दादा:
भाऊ, तुमच्याकडे लाईटचा काही भरवसा आहे का? आमच्या धुळ्याला ऑफिसात असंच व्हायचं, यूपीएसची बॅटरी मेलेली, लाईट गेली की पीसी धाडकन बंद, मग प्रोग्रॅमला सेटिंग लिहून ठेवायला वेळच मिळत नाही. आधी बॅटरी चेक करा. बाकी बठ्ठं बराबर हुई जाई, टेन्शन नका घेऊ.

केळीवाला_सावदा:
दादा यूपीएस चांगला आहे, आणि मी थंडरबर्ड नीट बंद करूनच शटडाऊन करतो.

जुनं_खोड_भुसावळ:
सगळ्यात आधी, विंडोज मारू नका. दुकानवाल्यांना तेवढंच एक औषध माहीत असतं.

थंडरबर्ड काढून परत टाकून फरक का पडला नाही ते सांगतो. प्रोग्रॅम एका जागी असतो आणि तुमचे मेल, अकाउंट, सेटिंग हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. अनइन्स्टॉल केलं तरी प्रोफाइलला हात लागत नाही, म्हणूनच तर मेल जात नाहीत. घर पाडून नवीन बांधलं पण तिजोरी तीच आणून ठेवली, तर आतला खोटा पैसा पण तसाच राहणार ना. म्हणजे बिघाड जो आहे तो प्रोफाइलमध्ये आहे.

त्या फोल्डरमध्ये प्रेफ्स डॉट जेएस नावाची एक फाइल असते, तुम्ही जे जे बदलता ते तिच्यात लिहिलं जातं. लाईट जाण्याचा मुद्दा चुकीचा नाही, पण बदल केल्यावर थोड्याच वेळात फाइलमध्ये उतरतो आताच्या व्हर्जनमध्ये, त्यामुळे लाईट गेली तर फार तर शेवटचा बदल जाईल, रोज रोज सगळे जाणार नाहीत.

आता एक करा. मेनूत हेल्प, त्यात ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरच्या समोर ओपन फोल्डर असं बटन आहे, ते दाबा. प्रेफ्स फाइलची तारीख बघा. कॅलेंडरचं एखादं सेटिंग बदला, थंडरबर्ड बंद करा, परत तारीख बघा. तारीख बदलली नाही तर फाइल लिहिलीच जात नाही, मग तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये रीड ओन्ली वर टिक आहे का बघायचं, किंवा अँटिव्हायरस आडवा येतोय का. असं असेल तर बाजूला प्रेफ्स १, प्रेफ्स २ अशा नावाच्या फालतू फाइल पण साचलेल्या दिसतात कधी कधी.

पण मला वाटतं तुमची तारीख बदललेली निघेल. कारण तुम्हीच लिहिलंय की अक्षरं राहतात, सही राहते. फाइल लिहिली जात नसती तर ते पण गेलं असतं. फक्त ठरावीक चार गोष्टी परत येतात म्हणजे कोणीतरी रोज त्या चारच गोष्टी परत लिहितंय. त्याच फोल्डरमध्ये युजर डॉट जेएस नावाची फाइल आहे का बघा. ही फाइल थंडरबर्ड स्वतः बनवत नाही, माणसाने बनवून ठेवावी लागते, आणि असली की दर वेळी चालू होताना तिच्यातलं प्रेफ्सच्या नंतर वाचलं जातं आणि तुमच्या सेटिंगच्या डोक्यावर बसतं.

केळीवाला_सावदा:
काका एकदम बरोबर पकडलं! तारीख आजचीच आहे प्रेफ्सची. आणि खाली युजर नावाची छोटीशी फाइल आहे, नुसतं युजर दिसतं, जेएस वगैरे काही दिसत नाही, टाइपमध्ये जावास्क्रिप्ट फाइल असं आहे. डबल क्लिक केलं तर विंडोज स्क्रिप्ट होस्ट असा डबा आला एररचा. काही बिघडलं तर नाही ना भो?

जुनं_खोड_भुसावळ:
काही बिघडत नाही. विंडोजला वाटतं हा प्रोग्रॅम आहे, म्हणून चालवायला जातं आणि अडकतं. राइट क्लिक, ओपन विथ, नोटपॅड. आत काय आहे ते सांगा. मागचं जेएस दिसत नाही कारण विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं.

केळीवाला_सावदा:
चारच ओळी आहेत, सगळ्या युजर प्रेफ ने सुरू होतात. कॅलेंडर डॉट वीक डॉट स्टार्ट समोर ०. कॅलेंडर डॉट व्ह्यू डॉट डेस्टार्टअवर समोर ८. मग शनिवार आणि रविवारच्या दोन, सॅटरडेजऑफ, संडेजऑफ अशा, दोन्हीसमोर ट्रू. माझ्या आधी जो ऑपरेटर होता त्याने टाकलं असणार, तो अगोदर कुठल्याशा सरकारी खात्यात होता, शनिवार रविवार सुट्टी पाहिजेच त्याला 😄

देवपूरचा_दादा:
लई भारी. ० म्हणजे रविवार का?

जुनं_खोड_भुसावळ:
हो, ० रविवार, १ सोमवार, असं ६ शनिवारपर्यंत. ट्रू म्हणजे त्या दिवशी सुट्टी.

आता दोन रस्ते आहेत. आकडे तिथेच बदलून टाका, ० चा १, ८ चा ४, दोन्ही ट्रू चे फॉल्स, मग तुमचं सेटिंग कायमचं बसेल, कोणी चुकून बदललं तरी दुसऱ्या दिवशी परत तुमचंच येईल. नाहीतर फाइलच काढून टाका. मी म्हणेन काढा, कारण उद्या पावसाळ्यात तुम्हाला दिवस ६ ला सुरू करायचा असेल तर परत हीच बोंब, आणि तोवर ही फाइल कोणाच्या लक्षात पण नसणार. डिलीट नको, डेस्कटॉपवर हलवा.

एक मात्र ध्यानात ठेवा, यात भलेभले फसतात. फाइल काढली म्हणून जुनं सेटिंग आपोआप जाणार नाही. तिच्यातले आकडे आधीच प्रेफ्समध्ये उतरलेले आहेत. म्हणून थंडरबर्ड पूर्ण बंद करा, फाइल हलवा, चालू करा, आणि मग सेटिंगमधून एकदा हाताने बदल करा. नाहीतर म्हणाल काढूनही फरक नाही.

तापीकाठ_नंदुरबार:
मधेच घुसतो, माझ्याकडे आउटलुक आहे, जुनं वालं. महिन्याचा व्ह्यू लावतो, रंग लावतो, कधी कधी सगळं विस्कटून येतं. तिथे पण अशी फाइल असते का?

जुनं_खोड_भुसावळ:
नाही, आउटलुकचं वेगळं आहे. तिथे व्ह्यू मेलबॉक्सच्या आतच साठतात. आधी व्ह्यू टॅबमध्ये रीसेट व्ह्यू करून परत लावून बघा. त्याने नाही झालं तर विंडोज आणि आर दाबून रनमध्ये आउटलुक डॉट इएक्सई, एक स्पेस, मग तिरपी रेघ (/) आणि क्लीनव्ह्यूज असं टाकून चालू करायचं. पण याने तुम्ही स्वतः बनवलेले सगळेच व्ह्यू उडतात, फक्त कॅलेंडरचे नाही, मेलचे पण. आधी स्क्रीनचे फोटो काढून ठेवा मोबाइलवर.

तापीकाठ_नंदुरबार:
फोटोची आयडिया चांगली आहे. करून बघतो रविवारी, मला तरी रविवार असतो.

केळीवाला_सावदा:
फाइल हलवली, परत सेट केलं, दोनदा बंद चालू करून पाहिलं, ४ वाजता सुरू होतंय आणि सोमवार पहिला! दुकानवाल्याला फोन करून सांगितलं विंडोज नको, तर तो गप्पच झाला. काका आता एकच शेवटचं, वेळ ४ एएम अशी येते, मालकाला १७:०० अशी रेल्वेसारखी पाहिजे. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये कुठे सापडू नाही राहिलं.

जुनं_खोड_भुसावळ:
कॅलेंडरमध्ये नाहीच ते. सेटिंगच्या जनरल मध्ये खाली डेट अँड टाइम फॉरमॅटिंग आहे, तिथे रीजनल सेटिंग वालं निवडा, मग विंडोजच्या रीजनमध्ये जाऊन शॉर्ट टाइम कॅपिटल एचएच वालं करा, छोटा एच ठेवला तर १२ तासांचंच येईल. थंडरबर्ड एकदा बंद करून चालू करावं लागेल. आणि विंडोजच्या घड्याळात पण तसंच दिसायला लागेल, मालकाला चालेल का ते आधी विचारा.