बाईकचा आवाज किती असावा, हे बाईकवाल्यानंच ठरवायचं का?

तळमजला
काल बाईकच्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवरच्या दुसऱ्या एका चर्चेत 'कास्टआयर्न' यांनी एका ओळीत निकाल लावला : "आवाज नको तर स्कूटी घ्या, आणि ज्याला त्रास होतो त्यानं खिडकी लावून घ्यावी." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गिरगावातल्या आमच्या गल्लीत मे महिन्यात खिडकी लावून बसून दाखवा. दोन टॅक्स्या कशाबशा जातील एवढी गल्ली, दोन्ही अंगाला चार-चार मजले. आवाजाला बाहेर पडायला वाटच नाही, तो भिंतींवर आपटत वर चढतो. रात्री साडेबाराला एखादा हिरो सायलेन्सरमधून फटाके फोडत जातो आणि त्या हादऱ्यानं उभ्या गाड्यांचे अलार्म सुरू होतात. अलार्मचा मालक चौथ्या मजल्यावर. तो लेंगा सावरत चावी घेऊन खाली येईपर्यंत अख्खी वाडी जागी.

आकडे तुम्हाला पाठ असतीलच. १७५ सीसीच्या वरच्या बाईकला कंपनीतून निघताना ८० डेसिबलची मर्यादा, ८० ते १७५ सीसीला ७७. आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. म्हणजे कंपनीचा सायलेन्सरसुद्धा आमच्यावर उपकार करत नाहीये. वर तुम्ही त्याच्या आतली जाळी काढून फिरणार, आणि खिडकी आम्ही लावायची?

गाडीचा आवाज किती असावा हे चालवणाऱ्यानं ठरवायचंच नाही. कंपनीनं दिलेला डबा (सायलेन्सर) राहू द्या. संपला विषय.

कास्टआयर्न
संपला कसा काका, आत्ता तर सुरू झालाय.

स्कूटीवाली ओळ चिडून लिहिली होती, ठीक आहे. पण मुद्दा ऐका. मी रोज मुलुंडहून अंधेरीला जातो. पवईला गाडीवाले एका हातात मोबाईल धरून लेन बदलतात, आरशात बघायची पद्धतच नाही. माझा आवाज आला की निदान मान तरी वळते. आवाज ही माझी सेफ्टी आहे.

आणि कायदा म्हणाल तर मागच्या वर्षी एका नाक्यावर मला अडवलं. गाडी शोरूममधून आली तशी, एक नटसुद्धा बदललेला नव्हता. "आवाज जास्त वाटतोय" म्हणून पावती. मीटर दाखवा म्हटलं तर हसले. ज्यांच्याकडे मोजायला यंत्र नाही त्यांनी कानानं दंड लावायचा? तेव्हा मनात म्हटलं, दंड भरायचाच आहे तर वाजवून भरू. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन डबा बदलून आलो.

कोस्टल रोडवर कोटीकोटीच्या गाड्या रात्री रेस मारतात, ब्रीच कँडीपासून वरळीपर्यंत लोक बोंबलतायत. त्या रोडवर बाईकला तर एंट्रीच नाही. सी लिंकवर नाही, फ्रीवेवर नाही. आणि शहरातल्या आवाजाला जबाबदार कोण? बाईकवाला!

स्पॅनर
गॅरेजवाला बोलतोय. दोघांचे आकडे अर्धे.

ते ८० डेसिबल म्हणजे मोकळ्या ट्रॅकवर गाडी ठरावीक वेगानं आणून थ्रॉटल पूर्ण उघडायचा, आणि साडेसात मीटरवर माईक. अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल वाढतात, आणि गल्लीत भिंतींचा परतीचा आवाज वेगळा. तुमच्या खिडकीपासून गाडी दोन मीटरवरून जात असेल तर कंपनीचा डबाही ८० च्या वर जाईल, कुणी पूर्ण रेस केली तर. उलट ५५ आणि ४५ हे सरासरीचे आकडे, एका क्षणाचे नाहीत. तळमजलाकाका, दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

आता कास्टआयर्न. बाहेरून घेऊन बसवलेल्या डब्यात असतं काय? भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती ग्लास वूल, म्हणजे काचेचा कापूस. वूल हळूहळू जळतं, आवाज वाढत जातो, आणि मालकाला कळत नाही कारण त्याचा कान सोबतच तयार होत असतो. टोकाला डीबी किलर बसतो, आवाज दाबणारी बोटभर नळी, एका बोल्टवर. माझ्याकडे येणारी पोरं पहिलं काम तो बोल्ट काढायचं सांगतात आणि नळी डिकीत ठेवतात. पुढे नाकाबंदी दिसली की बाजूला थांबून लावायची. गरम असते, रुमालात धरून लावतात. बोटं भाजलेली पोरं मी बघितलीत.

फटाके म्हणजे चालत्या गाडीत किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बंद-चालू करायचा. न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटतं. त्याचा पिकअपशी काडीचा संबंध नाही.

तळमजला
सरासरी तर सरासरी. पण सरासरीनं कुणाची झोप मोडत नाही हो, ती एकाच फटक्यात मोडते.

आणि कास्टआयर्न, सायलेन्सरचं तोंड मागे असतं. पुढच्या गाडीत काचा बंद, एसी चालू, गाणी जोरात. तुमचा आवाज त्याला मिळतो तो तुम्ही त्याच्या पुढे गेल्यावर. सेफ्टी पाहिजे तर हेडलाइट आहे, हॉर्न आहे.

कास्टआयर्न
हॉर्न! म्हणजे हॉर्न चालतो, सायलेन्सर नाही. २०२० मध्ये पोलिसांनी सिग्नलवरच्या प्रयोगाचा व्हिडिओ टाकला होता ना, हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. लोकांनी व्हिडिओ फॉरवर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी तसाच हॉर्न दाबला.

मागे_बघा
हॉर्नचा विषय निघालाच आहे तर ते रिव्हर्स हॉर्न कोण बंद करणार? बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत सकाळी सहाला एक गृहस्थ गाडी मागे घेतात. पहाटेच्या शांततेत देवाच्या गाण्याची ट्यून, तीही चिप खराब झाल्यानं मध्येच अडकणारी. त्यांना एका दमात गाडी काढता येत नाही. पुढे, मागे, पुढे, मागे. दर वेळी ट्यून पहिल्यापासून.

स्पॅनर
मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न लावताच येत नाही. तरी गिऱ्हाईक येऊन विचारतं, "यात कुठली कुठली गाणी आहेत?"

मागे_बघा
अहो नियम मी सोसायटीच्या मीटिंगला प्रिंट काढून नेला होता. सेक्रेटरी म्हणाले, देवाचं गाणं आहे, कसं सांगायचं. त्यावर दुसऱ्या विंगच्या वहिनी म्हणाल्या की ते बंद केलं तर मुलाला शाळेला उठवायचं कोणी. तासभर त्यावर गेला आणि पाण्याच्या टाकीचा विषय राहिला.

येझदीवाला_आप्पा
आमच्या येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. मी लालबागच्या नाक्यावर आलो की आई घरात चहा टाकायची. त्या आवाजाला ओळख होती. हल्ली सगळं घुमतं, कोण आलं कळत नाही. आणि ज्याला त्याला त्रास! नवे टॉवर झाले, वर काचा लावून बसलेले लोक खाली चाळीतल्या पोरांची तक्रार करतात.

तळमजला
आप्पा, मी चाळीतलाच आहे. तेव्हा गल्लीत एक येझदी होती म्हणून आई ओळखायची. आज दोन्ही बाजूंनी बाईकांची रांग आहे. सगळ्यांच्या आयांनी चहा टाकायचा म्हटलं तर गॅस पुरायचा नाही.

मागे_बघा
त्या चिपचा आवाज कमी करता येतो का, कुणाला माहीत आहे?

तळमजला
अहो, धागा सायलेन्सरचा आहे!

रातपाळी
परळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तुमचं भांडण ड्यूटीवरून आल्यावर वाचलं आणि तळमजलाकाकांचाही राग आला, सॉरी.

तुम्ही सगळे 'रात्री साडेबारा, रात्री साडेबारा' करताय. मी झोपते सकाळी नऊ ते तीन. माझ्यासारख्या नर्सेस, वॉचमन, कॉल सेंटरची मुलं, बेस्टचे ड्रायव्हर, अर्धी मुंबई दिवसा झोपते. आमच्यासाठी नियमात रात्रच नाही.

हॉस्पिटलपासून १०० मीटर शांतता क्षेत्र. बोर्ड गेटवर आहे आणि त्याच बोर्डाखाली बाईक उभी करून पोरं रेस करत मित्राची वाट बघतात. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) असताना बघितलंय, बाहेर फाटकन आवाज झाला की एवढीशी बाळं दोन्ही हात फेकून दचकतात, मॉनिटरवर ठोके वाढतात, मग आम्ही एकेकाला थोपटत बसतो. कास्टआयर्न, तुमच्या सेफ्टीचा हिशोब यात कुठे बसतो ते सांगा.

कास्टआयर्न
ताई, हॉस्पिटलसमोर रेस करणाऱ्याची बाजू मी घेतलेली नाही. असल्यांना फटकवा. मी स्वतः परळला किल स्विच मारत नाही.

रातपाळी
म्हणजे मुलुंडला मारता.

कास्टआयर्न
...घाटात. रविवारी. माळशेजला माकडांशिवाय कोण नसतं.

येझदीवाला_आप्पा
माकडांनाही कान असतात. :)

स्पॅनर
मुद्द्याचं बोलतो. पीयूसीला नळी पाइपात घालून धूर तपासतात ना? तिथेच अर्ध्या मीटरवर माईक लावून ठरावीक आरपीएमला आवाज मोजा, आकडा सर्टिफिकेटवर छापा. मग नाक्यावरच्या हवालदाराला कान लावायला नको, आणि कास्टआयर्नसारख्याला "मीटर कुठे" म्हणायला नको. नाहीतर होतं काय, कधीतरी मोहीम निघते, हजारभर सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवतात, फोटो येतो, आणि आठवड्यात तेच गिऱ्हाईक नवा डबा घ्यायला येतं.

तळमजला
पीयूसी? जिथे गाडी न नेता सर्टिफिकेट मिळतं तिथे? उद्या आवाजाचा आकडाही गाडी न नेता मिळेल. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहे, १०,००० पर्यंत दंड आहे, तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. तेवढं लावलं तरी पुरे.

कास्टआयर्न
लावा की! पण आधी मोजा, मग लावा. कोस्टल रोडपासून सुरुवात करा.

आणि बरं बाबा, तुम्हा सर्वांच्या शांत झोपेसाठी, नर्सताईंच्या बाळांसाठी आणि माळशेजच्या माकडांसाठी मी डीबी किलर परत लावतो. खूश? कंपनीचा डबा मात्र लावणार नाही. तो मी विकला.

स्पॅनर
आण गॅरेजला, बोल्टवर वेल्डिंगचा एक टाका मारून देतो, म्हणजे रुमाल लागायला नको.

कास्टआयर्न
टाका नको. बोल्ट राहू दे.

रातपाळी
बघा! ;)

मागे_बघा
स्पॅनरभाऊ, गॅरेज कुठे आहे? रिव्हर्स हॉर्न काढायचे किती घेता?

स्पॅनर
त्याची वायर रिव्हर्स लाइटच्या वायरला जोडलेली असते, कटरनं दोन मिनिटांचं काम. पैसे नकोत. पण गाडी मालकानं स्वतः आणायला पाहिजे, शेजाऱ्यानं नाही.