४६ वरून ३९: बाळाच्या किडनीचं ऑपरेशन आता करायचं की थांबायचं?

नमस्कार. माझ्या आठ महिन्यांच्या मुलाबद्दल लिहितेय. दोन सर्जनना दाखवून झालंय, त्यामुळे इथे उपचार विचारत नाहीये. पण दोघांची मतं दोन टोकांना आहेत आणि पुढच्या भेटीत निदान प्रश्न तरी नीट विचारता यावेत एवढीच धडपड.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डाव्या किडनीला सूज दिसली होती. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाहिलं तर सूज अगदी किरकोळ. आम्ही हुश्श केलं. पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवीच कमी होते आणि तेव्हाची सोनोग्राफी फसवी असू शकते, हे फार नंतर कळलं. दीड महिन्याचा असताना एपी, म्हणजे किडनीतल्या लघवी साठणाऱ्या पोकळीची रुंदी, १८ मिमी, चौथ्या महिन्यात २१, आता २७. कॅलिसेस (किडनीच्या आतल्या लघवीच्या वाट्या) पसरलेत, कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) मात्र पातळ झालेला नाही; सुजेचा ग्रेड ३ लिहिलंय. एमसीयूमध्ये (मूत्राशयात औषध भरून काढतात तो एक्स-रे) लघवी उलटी चढताना दिसली नाही. म्हणजे अडथळा पीयूजेला, किडनीतून नळी निघते तिथेच. ताप, इन्फेक्शन एकदाही नाही. पोरगं खिदळतं, वजन झकास. सासूबाई म्हणतात, हसत्याखेळत्या लेकराला कशाला कापायचं? खरं सांगू, मलाही रात्री तेच वाटतं.

घोळ स्कॅनचा आहे. दोन महिन्यांचा असताना डीटीपीए स्कॅन झाला, त्यात शिरेत औषध टोचून कोणती किडनी किती काम करते ते मोजतात: डावी ४६ टक्के, उजवी ५४. मागच्या आठवड्यात दुसऱ्या सेंटरला ईसी स्कॅन (तसाच, पण वेगळ्या औषधाचा) केला: डावी ३९, उजवी ६१, आणि लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊनही आलेख खाली उतरलाच नाही, म्हणजे किडनी रिकामी होताना दिसली नाही. पहिले सर्जन म्हणाले, चाळीसच्या खाली गेलं, सूजही वाढतेय, पायलोप्लास्टी (अडथळा काढायचं ऑपरेशन) करून टाका. दुसरे रिपोर्टवर नजर टाकून म्हणाले, सातच टक्क्यांची घसरण आहे, दहाच्या वर असती तर गोष्ट वेगळी. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू.

आणि मला खुपतंय ते हे. या वेळी कॅथेटर (मूत्राशय रिकामं ठेवणारी नळी) घातलं नव्हतं. शीर सापडेना म्हणून दोनदा टोचलं, तोवर दुधाची वेळ टळली, रडून रडून तो निपचित पडला. मशीनखाली असेपर्यंत डायपर कोरडा ठणठणीत. बाहेर बाकावर येऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच डायपरसकट माझी मांडी भिजली. रिपोर्टात तळाला एक ओळ आहे, लघवी झाल्यानंतरचं चित्र घेता आलं नाही. मग हा ३९ आकडा धरायचा तरी का?

प्रतिसाद:
ताई, आमच्या मुलीच्या वेळी मीही याच चक्रातून गेलोय. मूत्राशय भरलेलं असेल तर आलेख बिघडतो, कारण खाली जागाच नसते. पण कोणती किडनी किती टक्के काम करते हे औषध टोचल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत मोजतात, लॅसिक्सनंतरच्या उताऱ्यावरून नाही. त्यामुळे डायपरच्या कारणावरून ३९ बाद होत नाही. मला विचाराल तर शंका ४६ वर घ्या. इतक्या लहान बाळाची किडनी अजून कच्ची असते आणि डीटीपीए त्या वयात फार भरवशाचं नसतं. दोन वेगळी औषधं, दोन वेगळी सेंटर्स. ही वजाबाकी करून उपयोग नाही. कदाचित घसरण झालेलीच नसेल, सुरुवातीपासून चाळीसच्या आसपासच असेल. सोनोग्राफीचे १८, २१, २७ मात्र एका दिशेने चाललेत. त्यावर दुसरे डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं नाहीत.

प्रतिसाद:
मुलाची पायलोप्लास्टी दहाव्या महिन्यात झाली. अरुंद भाग कापून नळी पुन्हा जोडतात, आणि दहातल्या नऊहून जास्त मुलांमध्ये ते नीट होतं. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते सांगते. आत डीजे स्टेंट (जोड भरेपर्यंत ठेवतात ती बारीक नळी) ठेवला तर तो काही आठवड्यांनी काढायला पुन्हा भूल द्यावी लागते. सूज लगेच जात नाही, सोनोग्राफीत महिनोन् महिने दिसते, घाबरू नका. आणि टक्के भरभर वाढतील अशी आशा ठेवू नका. आहेत ते टिकवण्यासाठी ऑपरेशन असतं. थांबलात तरी ताप आला की आधी लघवीचं कल्चर, मग अँटिबायोटिक.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी सोनोग्राफीची फाइल नेलीच नव्हती, फक्त स्कॅन दाखवला होता. माझाच वेंधळेपणा. काल तिन्ही रिपोर्ट घेऊन गेले. २७ बघून तीन महिन्यांचे सहा आठवडे झाले. तेच सेंटर, पुन्हा ईसी, या वेळी कॅथेटर घालून आणि आधी नीट पाजून. पुन्हा चाळीसच्या खाली आलं किंवा सूज आणखी वाढली तर ऑपरेशन, यावर आता दोघेही डॉक्टर एक आहेत. नवऱ्याने सासूबाईंना आकडे समजावले, त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून की कंटाळून, ते माहीत नाही.

आता एकच विचारायचंय. कॅथेटर घालताना तुम्हाला आत थांबू दिलं होतं का?