फुकुओकाचा रस्ता आठवड्यात, जर्मनीतला पूल वर्षानुवर्षं: फरक कुठे पडतो?

टोलनाका:
८ नोव्हेंबर २०१६ ला जपानमधल्या फुकुओकात भुयारी रेल्वेच्या कामामुळे रस्ता खचला. सुमारे ३० मीटर रुंद, १५ मीटर खोल. १५ तारखेला पहाटे वाहतूक सुरू! उलट जर्मनीत ए-४५ महामार्गावरचा राहमेडे पूल डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला, तो पाडायलाच मे २०२३ उजाडला. पैसा आणि यंत्रं दोघांकडेही आहेत. मग?

खडीमुरूम:
खड्डा आणि पूल एका तागडीत घालू नका. खड्ड्याला ना नवं डिझाइन लागतं, ना जागा. खालच्या अंगाला घरं असलेल्या दरीतला उंच पूल पाडायचा म्हणजे आधी ढिगारा पडायला जागा हवी, मग परवानग्या, मग निविदा.
फुकुओकात खरा वेळ वाचला तो भरावात. माती, सिमेंट आणि पाण्याचं पातळ मिश्रण ओतलं. ते पाण्यात पांगत नाही, कोपऱ्यांत आपोआप शिरतं, रोलर लागत नाही. नेहमीचा भराव २० सेंमीच्या थरांत करायचा म्हटलं तर १५ मीटरला ७५ थर, आणि दर थराला पाणी, दबाई, घनतेची चाचणी. तरीही २६ नोव्हेंबरला तिथला रस्ता साधारण ७ सेंमी बसलाच.

लेव्हलपट्टी:
करारही बघा. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये सांता मोनिका फ्रीवे या महामार्गाचे पूल पडले. अट अशी: मुदतीआधीच्या दर दिवसाला २ लाख डॉलर बक्षीस, उशिराच्या दर दिवसाला तेवढाच दंड. ठेकेदाराने रात्रंदिवस पाळ्या लावून ६६ दिवसांत काम उरकलं, मुदतीच्या ७४ दिवस आधी. लंडनमध्ये गर्दीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदकाम करायचं तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत भाडं बसतं. तिथे खोदून ठेवून गायब होणं परवडत नाही. जिथे रस्ता अडवणं फुकट आहे, तिथे ठेकेदाराची एकच टोळी चार कामांवर फिरते.

टोलनाका:
म्हणजे पैसे ओतले की कितीही लवकर होतं?

खडीमुरूम:
छे! डांबरी माल प्लांटवरून साधारण १५० अंशांना निघतो आणि ९० च्या खाली जायच्या आत दबाई संपायला हवी. थंड वाऱ्यात ४० मिमीचा थर पंधरा मिनिटांतच निवतो. मग रोलर कितीही फिरवा, पोकळ्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त राहिल्या की पाणी आत शिरतं आणि खडी सुटते. म्हणून थंड देशांत वरचा थर हिवाळ्यात शक्यतो टाकत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काम रखडलं.

लेव्हलपट्टी:
रस्त्यावरच्या नेहमीच्या खड्ड्यांचंही तेच, घाई करून चालत नाही. कडा उभ्या कापा, धूळ-पाणी काढा, तळाला आणि कडांना टॅक कोट (पातळ डांबराचा चिकट हात) मारा, थराथराने दाबा. पाणी साचलेल्या खड्ड्यात माल ओतून टायरने दाबला की पाच मिनिटांत काम होतं, आणि पुढच्या पावसात तोच खड्डा पुन्हा.