पार्ट येतोय, येतोय...

क्लचच्या कामाला गाडी गॅरेजात टाकून तीन आठवडे झाले आणि रोज "उद्या नक्की" ऐकताय म्हणता, तर आधी सांगा, जॉबकार्ड, म्हणजे गाडी घेताना गॅरेज देतं तो कामाचा कागद, हातात आहे का? त्यावर अंदाजे खर्च आणि डिलिव्हरीची तारीख नसेल तर पुढचं सगळं तोंडी भांडण.

माझ्या वॅगनआरचं असंच झालं होतं. फोन केला की "पार्ट पुण्याहून निघालाय." शेवटी एका शनिवारी सकाळी न सांगता जाऊन उभा राहिलो. गाडी मागच्या भिंतीला, बॉनेटवर बोटभर धूळ, आणि गिअरबॉक्स, जो उतरवल्याशिवाय क्लच दिसतच नाही, तो अजून उतरवलेलाच नाही! न खोलता कुठला पार्ट मागवलात, असं विचारल्यावर मालक चहा सांगायला गेले. पार्टच्या ऑर्डरचा नंबर मागितला, तो नव्हताच. तिथेच उभं राहून व्हॉट्सअॅपवर तारीख लिहून घेतली. चौथ्या दिवशी गाडी दारात.

कुणी पैसे न देता गाडी उचलून आणा म्हणेल, ते नका करू. झालेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजला आहे. न झालेल्या कामाचे मात्र एक पैसा देऊ नका.

लेखी मुदत देऊनही हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही.

आणि हो, काढलेली जुनी क्लचप्लेट डिकीत टाकायला सांगा, म्हणजे खरंच बदलली का ते कळेल.