एफवायबीएस्सी केमिस्ट्री: इक्विव्हॅलंट वेट डोक्यात शिरत नाही, पाया कुठून पक्का करू?

शंकासुर_डोंबिवली

नमस्कार. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सायन्स, आणि आता माटुंग्याच्या एका कॉलेजात एफवायबीएस्सीला आहे. बारावीला सीईटीच्या तयारीत सगळी केमिस्ट्री सूत्रांवर निभावली. एन वन व्ही वन इज इक्वल टु एन टू व्ही टू (एन म्हणजे नॉर्मॅलिटी, म्हणजे एका लिटरमध्ये किती इक्विव्हॅलंट; व्ही म्हणजे व्हॉल्यूम), आकडे टाकले की उत्तर हजर. आता प्रॅक्टिकलला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन (एक द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याशी नेमकं किती लागतं ते मोजणं) चालू आहे. रीडिंग व्यवस्थित जुळतात, पण कॅल्क्युलेशनला बसले की हात थांबतो. इक्विव्हॅलंट वेट काढताना परमँगनेटच्या 158 या मोलेक्युलर वेटला पाचानेच का भागायचं? ऑक्झॅलिकच्या 126 ला दोनानेच का? जर्नल पूर्ण करायच्या घाईत हे विचारायला सवड मिळत नाही. क्लास लावणं परवडणारं नाही, आणि वेळ म्हणाल तर ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली तरच. पुढे एमएस्सीही केमिस्ट्रीतच करायची आहे, त्यामुळे नुसतं पास होऊन भागणार नाही.

कुर्ला_स्लो

मागच्या वर्षांचे पेपर सोडव. तेच तेच प्रश्न फिरून येतात. पद्धत हाताला बसली की थिअरी नंतर वाचता येते.

ब्युरेट

पेपर सोडवून मार्क मिळतील, पण हिने जे विचारलंय ते तसंच राहील. मी एफवायच्या बॅच बरीच वर्षं घेतल्या आहेत, आता निवृत्त आहे. हाच प्रश्न मनात घेऊन मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळा, सूत्र सध्या बाजूला ठेव आणि इलेक्ट्रॉन मोज. परमँगनेटमधल्या मँगनीजची ऑक्सिडेशन स्टेट +7 वरून +2 वर येते, म्हणजे एक आयन 5 इलेक्ट्रॉन घेतो. ऑक्झॅलेटमध्ये दोन कार्बन आहेत, दोन्ही +3 वरून +4 वर जातात, म्हणजे एक ऑक्झॅलेट 2 इलेक्ट्रॉन देतो. देणं-घेणं जुळवायचं तर 2 परमँगनेटला 5 ऑक्झॅलेट लागतात, दोन्हीकडे 10 इलेक्ट्रॉन. तुझे पाच आणि दोन इथून आले. 158 भागिले 5 म्हणजे 31.6 ग्रॅम परमँगनेट एक मोल इलेक्ट्रॉन घेतं, 126 भागिले 2 म्हणजे 63 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड एक मोल इलेक्ट्रॉन देतं. हीच त्यांची इक्विव्हॅलंट वेट. (126 मध्ये स्फटिकातल्या पाण्याचे 36 धरलेले आहेत, ते विसरू नकोस.)

हा पाचाचा आकडा परमँगनेटला जन्माचा चिकटलेला नाही. फ्लास्कमध्ये ॲसिड कमी पडलं की मँगनीज +4 वरच अडकतं, मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा दिसतो आणि हिशेब तीन इलेक्ट्रॉनचा होतो. म्हणून सल्फ्युरिक घालताना हात आखडता घ्यायचा नाही. हायड्रोक्लोरिक तर चालतच नाही, कारण परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करत बसतं आणि रीडिंग फुगतं.

आता मोलमध्ये करून बघ. 1.575 ग्रॅम ऑक्झॅलिक 250 मिलीमध्ये, म्हणजे 0.0125 मोल. पिपेटने घेतलेल्या 25 मिलीत त्याचा दहावा भाग, 0.00125 मोल. त्याला परमँगनेट दोन पंचमांश, म्हणजे 0.0005 मोल. ब्युरेट रीडिंग 24.6 मिली आलं तर परमँगनेटची मोलॅरिटी (एका लिटरमधले मोल) किती? काढ, आणि मग तुझ्या सूत्राने ताडून बघ.

हे करताना फ्लास्ककडे नीट लक्ष दे. द्रावण साठ-सत्तर अंशांवर असलं तरी पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग लवकर जात नाही. तिथे थांब, फ्लास्क फिरवत राहा. एकदा थोडं मँगनीज +2 तयार झालं की तेच पुढच्या रिॲक्शनला वेग देतं आणि रंग पडल्या पडल्या नाहीसा होतो. मला हे आजही बघायला आवडतं. आणि परमँगनेट गडद असल्यामुळे ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेला घ्यायचं.

चेंबूरकर

मॅडम, छान लिहिलंत. सरावासाठी माझ्याकडून एक. आमच्या आरसीएफसारख्या खत कारखान्यात युरिया होतो, गोणीवर नायट्रोजन 46 टक्के छापलेलं असतं. युरियाचं मोलेक्युलर वेट 60, त्यात नायट्रोजन 28, भाग दे म्हणजे हा आकडा कुठून आला ते दिसेल. मग हे सोडव: एका युरियाला दोन अमोनिया आणि एक कार्बन डायऑक्साइड लागतात, तर 1 टन युरियाला कमीत कमी किती अमोनिया?

शंकासुर_डोंबिवली

मॅडम, 0.0203 मोलर आलं. त्याला पाचाने गुणलं तर 0.1016 नॉर्मल, आणि सूत्रानेही तेवढंच! म्हणजे नॉर्मॅलिटीच्या आतच इलेक्ट्रॉनचा हिशेब दडलेला असतो. दादा, अमोनिया 34 भागिले 60, साधारण 567 किलो.

अजून एक विचारते. परमँगनेटही ऑक्झॅलिकसारखं थेट वजन करून घेतलं, तर हे टायट्रेशन करायचीच गरज काय?

ब्युरेट

दोन्ही उत्तरं बरोबर.

थेट वजन करून चालत नाही, कारण परमँगनेटमध्ये बहुधा थोडं मँगनीज डायऑक्साइड मिसळलेलं असतंच. शिवाय पाण्यातली सेंद्रिय घाण त्यातलं थोडं खाते, आणि उजेडातही ते हळूहळू विघटित होतं. ऑक्झॅलिक शुद्ध मिळतं आणि वजनाला टिकतं, म्हणून माप त्याचं धरायचं. परमँगनेटचं द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा आणि जुनं असेल तर वापरायच्या दिवशी पुन्हा स्टँडर्डाइझ करा, म्हणजे टायट्रेशनने त्याची नेमकी तीव्रता ठरवा. सोडियम हायड्रॉक्साइडचंही असंच. ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. त्याचं टायट्रेशन आलं की याच धाग्यावर लिही, फिनॉल्फ्थॅलिन या इंडिकेटरचा रंग कधी बदलतो ते तेव्हा बघू.